दोरीच्या आतली परीक्षा

डॉक्टरांनी माझ्या छातीवर चिठ्ठी ठेवली ती चिमट्यानं.

"हा रोगी," ते वर्गाला म्हणाले. "याला दाखल करून घ्यायचा आहे. सुरुवात कोण करतो?"

मी खाटेवर उताणा पडलो होतो. भोवती सात जण उभे, प्रत्येकाच्या हातात वही. माझी वही बाहेर व्हरांड्यात, पोत्यावर. माझी बसायची जागा तिथं होती. एक जण पुढं झाला. त्यानं लाकडी पट्टी घेतली आणि तिच्या टोकानं माझं मनगट उचललं. त्या दिवसांत घराघरांत मेलेले उंदीर तसे उचलायचे.

"नाव काय रे?"

मी तोंड उघडलं.

"रोगी बोलत नाही असं समजा," डॉक्टर म्हणाले. "काहीही लिहा."

त्यानं 'धोंड्या' लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. माझं नाव ते नव्हतं. माझं खरं नाव सहा महिन्यांत त्या खोलीत कुणी विचारलं नाही, म्हणून इथंही मी ते सांगत नाही.

पण मला त्या हसण्याची भीती वाटत नव्हती. भीती पाठीखालच्या चादरीची होती. ती चादर माळावर प्लेगचे रोगी वेगळे ठेवायचे त्या छपरातून आलेली. सकाळी झाडूवाल्यानं ते गाठोडं मागच्या दारानं आणलेलं मी पोत्यावर बसून पाहिलं होतं. चूल पेटलेली नव्हती, पाणी उकळलेलं नव्हतं. आणि आदल्याच दिवशी डॉक्टरांनी शिकवलं होतं की छपरातलं कापड उकळल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, त्यात पिसवा असतात. मी पोत्यावरून ते नीट लिहून घेतलं होतं. आता त्याच कापडावर मी पडलो होतो. मानेखाली काहीतरी चाललं. पिसू असेल, घामाचा थेंब असेल. हलायची सोय नव्हती. रोगी हलत नाही.

पुढचे सहा दिवस सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा काखा चाचपायचो, मग जांघा. गाठ लागते का बघायचो. मगच तोंड धुवायचो.

मी मांग. दोर वळणारा. बाप लवकर गेला, तेव्हापासून कोल्हापूरच्या बाजारात मी आणि माझे दोर. माझ्याशी घासाघीस करताना भले भले दमायचे. डोकं तापट, जीभ त्याहून तापट. महाराजांनी आमच्यासाठी शाळा काढली त्यात लिहायला-वाचायला शिकलो, आणि एकदा अक्षर कळल्यावर मला कुणी फसवू शकलं नाही.

मग दरबारचा हुकूम निघाला. खेड्यापाड्यांत दवाखाने काढायचे, तर ते चालवायला माणसं पाहिजेत. औषध देणारा वेगळा, दवाखाना चालवणारा वेगळा. खाटा किती, रोगी कोण, कुठून आला, त्याचे कपडे कुठं गेले, पाणी कुणी उकळलं, मेला तर कुणाला कळवलं. ह्या कारभाराचा सहा महिन्यांचा वर्ग. आठ जागा. त्यांतल्या काही मागासलेल्यांना द्यायच्याच, असं हुकमात स्पष्ट. वर्ग ज्या दवाखान्यात भरणार होता त्याला मी दोर पुरवत होतो, म्हणून मला लवकर कळलं. कचेरीत चार दिवस ठाण मांडून बसलो. कारकून म्हणाला, "दोर वळायचं सोडून हे कशाला?" मी म्हटलं, "हुकूम वाचून दाखवा, मग सांगतो कशाला."

कशाला ते त्याला सांगितलं नाही. इथं सांगतो. पहिल्या साथीत माझ्या आईला ताप आला. बैलगाडीतून तिला माळावर नेलं. मी रोज छपराच्या दोरीपाशी जाऊन उभा राहायचो. आतला माणूस रोज तेच सांगायचा, "यादीत नाव न्हाय." जिवंत असलेल्यांच्या यादीत नाही आणि मेलेल्यांच्याही नाही. तिला कुठं पुरलं की जाळलं, कुणी केलं, मला आजवर ठाऊक नाही. कुणी क्रूर होतं म्हणून हे झालं असंही नाही. यादी लिहायची असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मला यादी लिहिणारा माणूस व्हायचं होतं. मुरगूडच्या नव्या दवाखान्यात कारभाऱ्याची जागा होती. परीक्षा पास झालो तर ती मला मिळणार होती.

वर्गात ज्या ज्या धड्याला रोगी लागला, त्याला मी. तापाचा मी, मोडलेल्या पायाचा मी. एकदा बाळंतीण केलं, तेव्हा हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोनदा मढं. डॉक्टर कधी आवाज चढवायचे नाहीत. "मला स्वतःला काही वाटत नाही हो," ते म्हणायचे, "पण बाकीच्यांचाही विचार करावा लागतो." हात मात्र त्यांनीही कधी लावला नाही.

पण उताणं पडलं की ऐकू चांगलं येतं. कोण काय विसरला, डॉक्टर कुठं थांबवतात, सगळं डोक्यात बसायचं. घरी गेलो की बायकोला खाटेवर झोपवायचो आणि रीतसर दाखल करून घ्यायचो. नाव तिच्या तोंडून वदवायचो, चिठ्ठी मनगटाला माझ्या हातानं बांधायचो. ती वैतागायची. "आता बरी झाली म्हनून लिवा आन् सोडा मला. भाकऱ्या थापायच्या हायत्या."

परीक्षेचा दिवस आला. एकेकानं एक रोगी दाखल करून दाखवायचा. पहिल्यासाठी मी झोपलो. दुसऱ्यासाठी मी. सातही जणांसाठी मीच झोपलो. सातही जण पट्टी आणि चिमटा वापरून पास झाले.

मग मी खाटेवरून उठलो. खाट मोकळी झाली.

"याच्यासाठी कोण झोपतो?" डॉक्टरांनी विचारलं.

कुणी हललं नाही. मी बाबालालकडं पाहिलं. मुरगूडच्या कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा. तो वर्गात दाराजवळ बसायचा, आणि व्हरांड्यातल्या माझ्याशी बोलणारा तो एकटाच. तो जमिनीकडं बघत होता. नंतर म्हणाला, "झोपलो असतो रे. पन मला बी ह्यांच्यातच बसायचं हाय की."

मी म्हटलं, "साहेब, बायकोला आनतो."

"घरचं माणूस चालत नाही. नियम आहे." त्यांनी दौतीत टाक बुडवला. "रोगी मिळाला नाही. काय करणार? पुढच्या वर्षी पाहू."

त्यांचा टाक कागदावर टेकला आणि माझं डोकं भडकलं. सहा महिने ज्यांच्यासाठी मी ताप झालो, मढं झालो, त्यांच्यात माझ्यासाठी घटकाभर आडवा होणारा एक माणूस नव्हता.

"साहेब, खरा रोगी चालंल का?"

"म्हणजे?"

"माळावरच्या छपरात हायत की."

मी हे का बोललो? मागून एक जण म्हणाला, "पावणं, जाताना दोर घेऊन जावा. तिरडी बांधायला घरचाच बरा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी येणार नाही अशी त्यांची खात्री होती. "ठीक आहे. उद्या सकाळी."

बायको भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी गेलासा तर म्या कुनाच्या दारात जायाचं?" सकाळी निघालो तेव्हा पाय दोनदा घराकडं वळले. वाटलं, परत जावं. बाजार आहे, दोर आहेत, कोण विचारतंय? पण परत जाऊन उद्या कुठल्या तोंडानं दोर विकायचे, हे कळेना. म्हणून चालत राहिलो.

छपराभोवती खुंट्यांना दोर बांधला होता. त्याच्या आत जायचं नाही. दोर मीच वळलेला, माझा पीळ मला ओळखता येतो. डॉक्टर दोरीपासून वीस पावलं लांब उभे होते, नाकाला कापराचा रुमाल. बाबालालला त्यांनी साक्षीला आणलं होतं. बाकीचे आले नव्हते. तिथंच कळलं की आतला कारभारी तीन दिवसांपूर्वी पळून गेला आहे.

मी दोरीखालून वाकून आत गेलो.

वास आला. मग कण्हणं. अकरा माणसं, काही खाटेवर, काही जमिनीवर. कुणाच्याही मनगटाला चिठ्ठी नव्हती. दाराशी एक म्हातारा शेतकरी पडला होता. नातलगांनी पहाटे गाडीतून आणून दोरीपाशी सोडला होता, तो सरपटत तिथवर आला होता. काखेत गाठ, लिंबाएवढी. मी गुडघ्यांवर बसलो आणि मनातल्या मनात धडा म्हटला. नाव आधी.

"बाबा, नाव काय तुमचं?"

त्यानं सांगितलं. मी लिहिलं.

"गाव?"

"बिद्री." मग डोळे उघडून माझ्याकडं बघत राहिला. "तू कोन रं? कुनाचा?"

खोटं बोलणं सोपं होतं. इथं कुणाला कळणार होतं? पण जो माणूस मी त्याच्या खऱ्या नावानं यादीत घालत होतो, त्याला मी माझं खोटं कसं सांगू? सांगितलं. मांगवाड्यातला.

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी त्याचं मनगट धरलं. पट्टीनं नाही, हातानं. जळत होतं. चिठ्ठी बांधली. अंगावरचे कपडे सोडवून गाठोडं केलं, छपरातली स्वच्छ चादर शोधून पांघरली, चूल पेटवून कपडे उकळायला टाकले. मग पाण्याचं भांडं त्याच्या ओठांपाशी नेलं. बराच वेळ ओठ मिटलेले. मी भांडं धरून बसलो. शेवटी ओठ उघडले. तो प्यायला, माझ्याकडं न बघता. पाणी संपल्यावर पुन्हा भिंतीकडं वळला.

मी एकेक करून बाकीच्या दहांची नावं घेतली. दोघांना बोलता येत नव्हतं. त्यांच्यापुढं 'नाव कळलं नाही' लिहून अंगावरच्या खुणा लिहिल्या, म्हणजे उद्या कुणी दोरीपाशी येऊन विचारलं तर सांगता येईल.

"झालं का रे?" डॉक्टरांचा आवाज आला. "ये बाहेर. पास लिहितो."

मी दोरीपाशी आलो. "काय बघून लिवता, साहेब?"

"त्यात बघायचं काय? हुकूम आहे, जागा भरायची आहे. लिहितो पास. तुला तेच पाहिजे ना?"

तेच पाहिजे होतं. मुरगूड पाहिजे होतं. दोन पावलं टाकली की मी बाहेर, नदीवर अंघोळ, घरी बायको. अंगातला कण न् कण बाहेर धावत होता.

पण मी बाजारात वाढलेला माणूस आहे. माझा दोर ओढून बघितल्याशिवाय कुणी घेतला नाही, आणि मी कुणाला घेऊ दिला नाही. घ्या, ताणा, दोघं मिळून ओढा, मग बोला. हा माणूस काल न बघता मला नापास करत होता. आज न बघता पास करत होता. हात तोच. उद्या मुरगुडात जो तो म्हणेल, ह्याला हुकमानं पास केला, ह्याला काय येतंय? आणि त्यांना खोटं पाडायला माझ्यापाशी काही नसेल. हे मला त्या क्षणी कळलं. माझ्यापुढं तो भीक घालायला उभा होता, आणि मी तिला बक्षीस समजून हात पसरणार होतो.

"आत या, साहेब. चिठ्ठ्या बघा, चूल बघा."

"वेडा आहेस का?"

"तुमीच शिकवलंय. तपासनारा खाटेपाशी उभा ऱ्हातो."

"मग नापास लिहू?"

"ते बी आत येऊन लिवा."

बाबालाल ओरडला, "अरं, डोकं फिरलंय का तुझं? मिळतंय ते घे की!"

"तू घेतलंस न्हवं? बास."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण ते निघून गेले नाहीत, आणि का ते मला ठाऊक होतं. छपराचं पत्रक रोज दरबारात जायचं. कारभारी पळाल्यापासून तीन दिवस गेलं नव्हतं. आत येऊन ते लिहील असा दुसरा माणूस त्यांच्यापाशी नव्हता. घासाघीस करताना समोरच्याला काय पाहिजे ते आधी ओळखायचं असतं.

"आजचं पत्रक मी लिवतो," मी म्हटलं. "अकरा मानसं, नावानिशी. खाली माझी सही. आन् सहीखाली एक ओळ. परीक्षा बाकी आहे, परीक्षक आत आले नाहीत."

"असं लिहायची तुझी हिंमत?"

"मग पत्रक तुमी लिवा. या आत."

ते वळले आणि चालू लागले. बाबालाल त्यांच्या मागं गेला.

मी शूर नव्हतो. ते दोघं दिसेनासे झाल्यावर मी छपरामागं जाऊन काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या, आणि गुडघ्यांत तोंड घालून रडलो. मरायची भीती वाटत होती. मग आत आलो. दौत उघडली. अकरा नावं स्वच्छ अक्षरात लिहिली, सही केली, सहीखाली ती ओळ लिहिली. कागद कडुलिंबाच्या धुरीवर धरला आणि पत्रक न्यायला आलेल्या दरबारच्या घोडेस्वाराच्या काठीला अडकवून दिला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. बिद्रीचा म्हातारा गेला, त्याच्या नावापुढं मी वेळ लिहिली, कुठं नेला ते लिहिलं. आणि खाली रोजची ओळ.

मला दया दाखवून पास करू नका. माझी जात बघून नापास करू नका. रोज हेच लिहीन, दरबारात रोज हेच वाचावं लागेल. तो माणूस रुमाल खाली करून माझ्या खाटेपाशी उभा राहीपर्यंत मी इथून हलणार नाही. माझं काम बघा. मग काय लिहायचं ते लिहा.