आईचं अर्धं वाक्य

इस्त्रीसाहेबाला नम्र माणूस कुणी बनवलं? दुभाषीबाईनं. देवानं काही त्याला तसा धाडला नव्हता, आणि त्याच्या आईबापांनी त्या कामी फार कष्ट घेतल्याचंही दिसत नव्हतं.

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा तो कारखाना. मालक कोरियातले. तिकडून आलेले मोठे साहेब पांढऱ्या केसांचे, शांत, समोरच्याला स्वतः उठून पाणी देणारे; पण इथली भाषा त्यांना चार-दोन शब्दांपलीकडे येत नसे. इस्त्रीसाहेब इथलाच, प्रॉडक्शन मॅनेजर. शर्टाला कडक इस्त्री आणि मानेलाही, म्हणून कामगारांनी पाडलेलं नाव. त्याला कोरियन शिकायचा कंटाळा. मग या दोघांच्या मधे, टेबलाच्या कोपऱ्याशी, पाठ नसलेल्या स्टुलावर दुभाषीबाई बसायची. इकडचं तिकडं करायचं, तिकडचं इकडं.

आता कोरियन भाषेचं असं आहे, की तिचा सगळा जीव वाक्याच्या शेपटात. ‘या’ म्हणायचं तर साहेबाला ‘ओशिप्शियो’, शेजारणीला ‘ओसेयो’ आणि घरच्या पोराला नुसतं ‘वा’. क्रियापद शेवटी येतं आणि त्याला तुम्ही कसलं शेपूट लावता, त्यावरून कळतं की समोरच्याला तुम्ही काय समजता. शेपूट चुकलं की बाकीचं वाक्य कितीही गोड असो, मातीत गेलं.

इस्त्रीसाहेब बोलायचा ते असं: “सांग त्या म्हाताऱ्याला, माल शुक्रवारी जाईल. डोकं खाऊ नको म्हणावं.” आणि दुभाषीबाई ते कोरियनमधून असं सांगायची, की साहेब, आपण काळजी करू नये, माल शुक्रवारी नक्की रवाना होईल. शेवटी चांगलं भारदस्त ‘सुम्निदा’. मोठे साहेब मान हलवायचे. एकदा ते कौतुकानं म्हणालेही, “हा माणूस किती नम्र आहे!” तिनं ते इकडे सांगितलं, तर इस्त्रीसाहेब मिशीत हसला. “आहेच मी. तू फक्त पोपट. पढवलेलं बोलायचं.”

‘म्हातारा’ हा शब्द मोठ्या साहेबांच्या कानावर इतक्यांदा पडला, की एकदा त्यांनी त्याचा अर्थ विचारला. “आदरणीय वडीलधारा,” असं तिनं बेधडक ठोकून दिलं. पोटासाठी माणूस काय काय करतं!

हे सगळं तिनं चालवून घेतलं असतं. पण तो तिच्या आईच्या वाटेला गेला.

आई त्याच कारखान्यात कटिंगला होती. सगळे मावशी म्हणायचे. कापडाचे थर एकावर एक रचून मोठ्या मशीनखाली सरकवायचे आणि पात्याकडे नजर ठेवायची, हे तिचं काम. ते पातं मधेच अडकून झटका द्यायला लागलं होतं. मावशीनं इस्त्रीसाहेबाला सांगितलं, पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, “मशीन बंद ठेवलं तर महिन्याचं काम कमी दिसेल. चालतंय तोवर चालव.” व्हायचं तेच झालं. एक दिवस पातं भरकटलं आणि एका मोठ्या ऑर्डरचं सगळं कापड वेडंवाकडं फाडून गेलं.

मोठ्या साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. मावशी उभी, इस्त्रीसाहेब बसलेला, मधे स्टुलावर लेक. आणि तो म्हणाला, “सांग, ही बाई कामावर झोपली होती. हिनंच मशीन बिघडवलं.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पण दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नाही, टेबलाशी बसलं की त्याला नातं नाही आणि गोतं नाही, ही त्या धंद्याची रीत. तिनं सांगितलं. आणि सवय अशी मेली वाईट, की त्या धडधडीत खोट्यालाही तिच्या जिभेनं आपोआप तेच अदबीचं शेपूट लावलं. तिच्या तोंडून तो मोठा हळहळणारा भला माणूस वाटला. स्वतःच्या आईवरचा आळ तिनं स्वतःच घासूनपुसून लखलखीत करून दिला.

मग मावशी ताठ उभी राहून म्हणाली, “मशीन मी बिघडवलं नाही. ते आधीच बिघडलेलं होतं, ह्यांना विचारा.” दुभाषीबाईनं वाक्य सुरू केलं. मशीन, मी, असं म्हणेपर्यंत इस्त्रीसाहेबानं टेबलावर थाप मारली. “पुरे. रडगाणी सांगायची गरज नाही. तू इथं नोकरी करतेस ना? मग गप.” ती गप झाली. होय की नाही हे शेपटात, आणि शेपूट तिच्या घशातच राहिलं. मोठ्या साहेबांनी क्षणभर वाट पाहिली, सुस्कारा टाकला, आणि मावशी त्या दिवशी घरी गेली ती कायमची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

घरी आईनं विचारलं, “तू काय सांगितलंस गं त्यांना?”

“तो बोलला तेच.”

“आणि मी बोलले ते?”

लेक भांडी आवरायला उठली. त्या दिवसापासून घरात ‘वाढलंय, जेव’ आणि ‘दाराला कडी लाव’ एवढंच बोलणं उरलं. कटिंगची सवय गेलेली नव्हती. आई रिकामपणी चादरीच्या कडा जुळवत बसायची. लेक ते बघायची आणि दातओठ खायची. राजीनामा दिला असता तर इस्त्रीसाहेबाची सुंठीवाचून खोकला गेला अशी गत झाली असती. छे! ती स्टुलावर बसून राहिली. याची नम्रता माझ्या तोंडात आहे, असं ती मनाशी म्हणायची. ज्या दिवशी त्या नम्रतेची याला सगळ्यात जास्त गरज पडेल, त्या दिवशी मी ती काढून घेईन. तोवर त्याच्या प्रत्येक वाक्याला तिनं आणखी गोंडस शेपूट लावलं. बकरा पोसावा तसा त्याला पोसला म्हणा ना.

दोन वर्षांनी तो दिवस आला. मोठे साहेब मायदेशी परतणार होते आणि आपली खुर्ची कुणाला द्यायची हे त्यांच्याच हातात होतं. इस्त्रीसाहेबाला बोलण्यासाठी बोलावलं. खोलीबाहेर त्यानं दुभाषीबाईला अडवलं.

“हे बघ, आज माझं बोलणं जसंच्या तसं गेलं पाहिजे. तू मधे आपलं शहाणपण घालून वाक्यं लांबवतेस, माहितेय मला. आईसारखी जीभ चालवलीस तर तुलाही गेट दाखवीन.”

“जसंच्या तसं? शब्दाला शब्द?” तिनं विचारलं.

“शब्दाला शब्द.”

“बरं, साहेब.” आतून तिला इतका आनंद झाला की तिनं ओठ चावला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, ही जबाबदारी तुम्हाला का द्यावी? इस्त्रीसाहेब खुर्चीत रेलला. इतकी वर्षं असंच बोलून सगळं निभावलं होतं, त्यानं सोकावलेला गडी तो. म्हणाला, “सांग म्हाताऱ्याला, इथं दुसरा आहे कोण? कामगार म्हणजे मेंढरं, मी हाकतो म्हणून चालतात. उगाच वेळ काढू नको म्हणावं, सही करून टाक.”

तिनं सांगितलं. म्हातारा म्हणजे म्हातारा, मेंढरं म्हणजे मेंढरं. आणि शेवट नुसता, उघडा, घरच्या पोराला लावतात तसा. सही कर. बस्स.

मोठ्या साहेबांचा हात पाण्याच्या ग्लासावर थांबला. “हे तो म्हणाला, की तू?”

“तोच म्हणाला, साहेब. शब्दाला शब्द सांगायला त्यानंच सांगितलंय. आजवर शेवट मी लावत होते.” हे मात्र तिनं पुऱ्या अदबीनं सांगितलं.

इस्त्रीसाहेबाला काहीतरी खटकलं. इतकी वर्षं नळाच्या थेंबासारखं कानावर पडणारं ते ‘दा, दा’ आपल्या बोलण्यामागून आज आलं नव्हतं. “काय विचारतोय? म्हातारं बरळायला लागलं की काय?”

तिनं तेही सांगितलं.

मोठे साहेब सावकाश, इथल्याच भाषेत, एक एक अक्षर जोडत म्हणाले, “म्हा-ता-रा.” मग कोरियनमधून, “आदरणीय वडीलधारा?”

“नाही, साहेब. तेही मीच सजवलं होतं.”

त्यांनी ग्लास बाजूला सारला. मग म्हणाले, “आणखी काय माझ्यापर्यंत आलं नाही?”

“एक वाक्य अर्धं राहिलंय. इथंच, कटिंगच्या बाईचं. ती माझी आई.” आणि तिनं ते पुरं केलं, ‘नाही’ सकट, आधीच बिघडलेल्या मशीनसकट, आणि भाषेत जेवढं मोठं शेपूट होतं तेवढं आईच्या शब्दांना लावून. मोठ्या साहेबांनी मेकॅनिकला फोन करायला सांगितलं. मेकॅनिकनं भडाभडा सगळं सांगितलं. त्यालाही इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं. पातं बदलू नको असं कुणी बजावलं होतं, तेही त्यात आलं.

खुर्ची गेलीच, आणि इस्त्रीसाहेबाची होती ती नोकरीही गेली. मोठे साहेब उठले तेव्हा तो धडपडत दुभाषीबाईकडे वळला. कॉलर घामानं भिजून लोळागोळा झाली होती. “बाई... अहो, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमच्या पद्धतीनं, नेहमीसारखं. माझी बायकामुलं आहेत हो.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिला ‘सांगा’ म्हणाला. ऐकायला तिला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दया आली का? कणभरही नाही.

“मी पोपट, साहेब. पढवाल तेवढंच बोलणार.” मोठ्या साहेबांकडे वळून तिनं त्याचं वाक्य कोरडंठाक, जसंच्या तसं पुढं केलं. नेहमीच्या पद्धतीनं सजवून सांग, असं तो म्हणतोय, हेसुद्धा. मग तिनं स्टूल टेबलाखाली सरकवलं आणि ती घरी निघाली.

आई चादरीची घडी घालत होती. मोठ्या साहेबांनी तुला परत बोलावलंय, असं लेकीनं दारातूनच सांगितलं आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. सगळं ऐकून झाल्यावर आईनं तोंड उघडलं. “रडला का तो?”

“डोळ्यांत पाणी होतं.”

“एवढंच?” आईचं अजून समाधान झालेलं नव्हतं. घडी तशीच धरून तिनं लेकीकडे पाहिलं. “आणि माझं काय सांगितलंस? नीट सांग.”

लेकीनं सुरुवात केली, “मशीन मी बिघडवलं...” आणि ती मुद्दाम थांबली.

“नाही,” आई म्हणाली.