फर्निचरच्या दुकानात एक गुण: लाइपझिगची दोन दिवसांची सहल

म्युनिकच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाकडे पुण्याहून सासू-सासरे आले की त्यांना काय दाखवायचं हे आधीच ठरलेलं असतं. राजवाडा, बर्फाचा डोंगर, साल्झबुर्ग, मोटारींचं म्युझियम आणि शेवटी बॅगेत कोंबायला चॉकलेटं. हा क्रम कोणी मोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे गार्चिंगला आमच्या घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चहा पिता पिता जाहीर केलं की राजवाडा वगैरे राहू दे, मला लाइपझिगला एका फर्निचरच्या दुकानात जायचंय, तेव्हा मी आधी त्यांची शुगर तपासली. शुगर ठीक होती.

खुलासा असा की त्या शनिवारी लाइपझिगला बॉक्सिंगची मोठी मॅच होती. एक डेनिश चॅम्पियन एका जर्मन चॅम्पियनशी लढणार होता. मॅचच्या आदल्या दिवशी दोघांचं जाहीर वजन करतात, आणि जर्मनीत हे मंगल कार्य मोटारींच्या शोरूममध्ये नाहीतर फर्निचरच्या दुकानात उरकतात. मॅचचं तिकीट आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. वजन फुकट होतं. पुणेकर माणसाला आणखी काय हवं?

नाना सरकारी नोकरीत होते, पण खरं आयुष्य त्यांनी रिंगच्या कडेला काढलं. हौशी बॉक्सिंगचे ते पंच. रिंगमध्ये धावपळ करणारे नव्हेत, कडेला बसून गुण देणारे. अकरा वर्षांपूर्वी जर्मनीतच एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेला त्यांना पाठवलं होतं आणि तिथे त्यांनी या डेनच्या मॅचला गुण दिले होते. डेन तेव्हा विशीतला पोरगा होता. एका गुणाने हरला. "माझ्या हातून चूक झाली. बटण दाबलं गेलं नाही. त्याला तोंडावर सांगायचंय," नाना म्हणाले. बस्स. सत्तराव्या वर्षी व्हिसाच्या रांगेत उभं राहून माणूस यासाठी आला होता, नातीला बघायला वगैरे नाही.

माझा नवरा मंदार आठवडाभर त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात असतो, दुसऱ्यांना परवडणाऱ्या गाड्या बनवतो आणि शुक्रवारी रात्री घरी येतो. तेव्हा ड्रायव्हर मीच. लेकीला शेजारच्या जर्मन कुटुंबाकडे सोडलं, धपाटे बांधून घेतले आणि शुक्रवारी सकाळी सहाला निघालो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी माहिती: गार्चिंगहून आउटोबान नऊ या महामार्गाला लागायचं की न्युर्नबर्ग, बायरॉइट करत थेट लाइपझिग. वळणाचा प्रश्नच नाही. साडेचार तास धरा, न्युर्नबर्गला रस्त्याचं काम असेल तर साडेपाच. रस्त्याचं काम नेहमीच असतं. टोल नाही. रस्त्यावरच्या प्रसाधनगृहाला मात्र पन्नास सेंट पडतात आणि बदल्यात त्याच ठिकाणी कॉफी घ्यायचं कूपन मिळतं, म्हणजे पुढच्या थांब्याचीही सोय होते. नानांना ही योजना फार आवडली. नेव्हिगेशनची बाई मात्र आवडली नाही. "एवढ्या अधिकाराने बोलते, हिची परीक्षा कोणी घेतली?" असं ते दोनदा म्हणाले.

गाडीत मला डेनची सगळी कारकीर्द ऐकवण्यात आली. नाना त्याचं नाव घेत नाहीत. पंचाने नाव घ्यायचं नसतं, कोपऱ्याचा रंग सांगायचा, अशी त्यांची शिस्त. तो त्या दिवशी निळ्या कोपऱ्यात होता म्हणून अकरा वर्षं तो निळाच. तर त्या हरलेल्या मॅचनंतर निळ्याला राष्ट्रीय संघातून वगळलं. मग तो व्यावसायिक झाला. सुरुवातीला त्याच्यासमोर जे प्रतिस्पर्धी आणले ते, नानांच्या शब्दांत, "ठोसे खायला रोजावर लावलेले" होते. मग युरोपचा पट्टा मिळाला, मग जगाचा. जगाचा म्हणजे एका जगाचा. पुण्यात मानाचे गणपती पाच, तसे बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपदाचे मानाचे पट्टे चार. शिवाय कोणी दुखापत होऊन घरी बसला की त्याच्या जागी तात्पुरता जगज्जेता नेमतात, आणि दोघंही पट्टा मिरवत फिरतात. आमच्या हाउसिंग सोसायटीत दोन सेक्रेटरी होते तेव्हा पाणी आलं नव्हतं, हे मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी निळ्याचा पट्टा गेला. आता वय तिशीपार, गुडघा दुखरा, आणि ही बहुधा शेवटची मोठी संधी. नानांनी त्याच्या प्रत्येक मॅचची कात्रणं एका फाइलमध्ये लावली होती. स्वतःच्या मुलाची दहावीची गुणपत्रिका त्यांना सापडत नाही.

बाराला पोचलो. शहराबाहेर मैदानाएवढं पार्किंग आणि पुढे दुकान. आत सोफ्यांच्या विभागात स्टेज बांधलं होतं. त्यावर वजनकाटा होता, आणि काट्यावर अधिकृत तपासणीचा शिक्का. एका बाजूला सॉसेजचा स्टॉल. चार-पाचशे लोक मांडलेल्या सोफ्यांवर किमतीच्या पाट्या बाजूला सारून बसले होते. माझ्या शेजारच्या आजींना कोण लढतंय हे माहीत नव्हतं. त्या उशा घ्यायला आल्या होत्या, पण जागा मिळाली तर बघून जाऊ म्हणाल्या.

आधी जर्मन बॉक्सर आला. टाळ्या झाल्या, वजन बरोबर भरलं. मग निळा आला. शंभर ग्रॅम जास्त. त्याच्या दोन साथीदारांनी मोठा टॉवेल धरला, निळ्याने त्यामागे उरलंसुरलं वस्त्रही उतरवलं आणि काटा जागेवर आला. मी सासऱ्यांसोबत होते, त्यामुळे तेवढा वेळ मी एका कपाटाच्या बिजागऱ्या फार लक्ष देऊन पाहिल्या. चांगल्या होत्या.

आता त्याला गाठायचं कसं? दुकानातल्या रेस्टॉरंटचा कोपरा दोरी लावून राखून ठेवला होता आणि दोरीपाशी दरवाजाएवढा माणूस उभा होता. मी जर्मनमध्ये विनंतीची वाक्यं जुळवत होते, तोवर नानांनी पिशवीतून जुना पंचाचा ब्लेझर काढून चढवला, खिशावर बिल्ला, आणि हातात अकरा वर्षांपूर्वीचं ओळखपत्र. ओळखपत्राची मुदत त्याच वर्षी संपली होती. पण त्यावर गोल शिक्का होता. त्या माणसाने शिक्का पाहिला, "आख झो, काम्फरिष्टर," म्हणजे अच्छा, पंच आहात होय, असं म्हणून दोरी उचलली. मला इथे राहण्याचा परवाना वाढवायला चार चकरा माराव्या लागल्या होत्या. तेव्हा ब्लेझर घालून जायचं सुचलं नाही.

निळा टेबलाशी बसून ताटभर पास्ता खात होता. समोर एक म्हातारे गृहस्थ, त्याचे वडील. तेच त्याचे पहिले कोच. नानांनी घरून पाठ करून आणलेलं इंग्रजी सुरू केलं. मी अमुक, त्या स्पर्धेत तुमच्या मॅचचा पंच होतो. निळ्याने काटा खाली ठेवला. त्याला ती मॅच आठवत होती. लगेच आठवली.

आणि इथे नानांनी घरी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. चूक झालीच नव्हती.

त्या स्पर्धेत पाच पंचांसमोर लाल आणि निळं अशी दोन बटणं असत. ठोसा लागला की दाबायचं. एका सेकंदाच्या आत पाचांपैकी तिघांनी दाबलं तरच गुण. शेवटच्या फेरीत निळ्याचा उजवा ठोसा स्वच्छ लागला. दोघांनी दाबलं. नानांनी पाहिलं आणि दाबलं नाही. त्या गुणाने बरोबरी झाली असती आणि एकूण दाबलेली बटणं निळ्याची जास्त होती म्हणून सामना त्यालाच मिळाला असता. मॅचनंतर मशीनमधून निघालेल्या कागदावर हे सगळं नानांनी वाचलं होतं.

का दाबलं नाही? तर त्या सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला नानांनी घरची लिंबाच्या लोणच्याची बाटली काढून लोणचं पावाला लावलं. पलीकडच्या टेबलावरच्या एका कोचने ती बाटली उचलली, हुंगली, आणि छाती धरून मेल्याचं सोंग केलं. अख्खं नाश्त्याचं दालन हसलं. तो कोच म्हणजे आता समोर बसलेले हे वडील.

मला हसू यायला हवं होतं. एका लोणच्यापायी डेन्मार्कच्या पोराची राष्ट्रीय संघातली जागा गेली, याहून विनोदी काय असणार? पण नाना त्या जुन्या ब्लेझरमध्ये उभे होते, आणि मला त्यांची भयंकर लाज वाटली. मग त्यांच्याविषयी इतकी माया दाटून आली की मी बाजूची खुर्ची त्यांच्यापाशी सरकवली.

वडील म्हणाले, कसलं लोणचं? त्यांना काहीही आठवत नव्हतं. बाटली, हॉटेल, हसू, काही नाही. अकरा वर्षं नाना ज्या माणसावर चिडून होते आणि मग स्वतःवर चिडून होते, त्या माणसाच्या डोक्यात ती सकाळची दोन मिनिटं टिकली नव्हती.

निळा मात्र वडिलांकडे बघत होता. त्याने आम्हाला सांगितलं की त्या दिवसापासून वडील प्रत्येक मॅचनंतर एकच म्हणतात: तू तेव्हा डावा हात खाली सोडलास म्हणून हरलास. पट्टा जिंकला त्या दिवशीसुद्धा म्हणाले. मग तो नानांना म्हणाला, "पुन्हा सांगा. माझ्याकडे बघून नको, त्यांच्याकडे बघून."

नानांनी पुन्हा सांगितलं. लोणचं वगळून. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, डावा हात खाली होता की नव्हता?

"होता," नाना म्हणाले. "पण ठोसा लागला होता. गुण तुमच्या मुलाचा."

म्हातारा बराच वेळ टेबलक्लॉथ सरळ करत बसला. मग त्याने मुलाच्या दंडावर एकदा थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं. मला वाटलं, झालं, आता मिठ्या, फोटो आणि ब्लॉगसाठी छान शेवट. पण निळा उठला आणि नानांना म्हणाला, "आभारी आहे. पण हे आजच सांगायला हवं होतं का? उद्या मॅच आहे."

याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. धपाट्यांचा केला होता, प्रसाधनगृहाच्या सुट्या नाण्यांचा केला होता. निळ्याने हात मिळवला, पण चेहरा त्याचा लालबुंद होता.

त्या रात्री आम्ही स्टेशनजवळच्या एका पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये राहिलो. एका माणसाच्या खोलीला तीस युरो, नाश्ता धरून. खोल्या स्वच्छ, मालकीणबाई कडक. सकाळी नाना नाश्त्याला आले आणि कोरडा पाव खाऊ लागले. पिशवीत लोणचं होतं, मला माहीत होतं, मीच भरलं होतं. मी ते काढलं नाही. नंतर जुन्या शहरात फिरलो. चर्च सुंदर, स्टेशन प्रचंड, अर्ध्या इमारती नव्याने रंगवलेल्या आणि अर्ध्या रंगाची वाट बघणाऱ्या. नानांनी सगळीकडे मान डोलावली. परतीच्या वाटेवर बायरॉइटपाशी म्हणाले, "मी स्वतःचं ओझं उतरवलं गं, आणि त्याच्या डोक्यावर ठेवून आलो." नेव्हिगेशनची बाईसुद्धा पुढचे नव्वद किलोमीटर गप्प होती.

शनिवारी रात्री घरी टीव्हीवर मॅच. मंदार आला होता, त्याला सगळं सांगून झालं होतं. नानांनी कोरा कागद घेतला, बारा फेऱ्यांचे रकाने आखले आणि पाठ ताठ करून बसले. निळा जिवाच्या आकांताने लढला. सहाव्या फेरीत त्याने जर्मनाला खाली बसवलं तेव्हा मी आणि मंदार ओरडलो. नाना हलले नाहीत. शेवटच्या फेऱ्यांत त्याचा गुडघा बोलू लागला. घंटा झाली, निकाल आला: जर्मन विजयी, तीनपैकी दोन पंचांच्या मते. डेनिश प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. मंदार म्हणाला, लुटलं बिचाऱ्याला, घरच्या मैदानावर दुसरं काय होणार. समालोचकालाही थोडं तसंच वाटत होतं. रिंगमध्ये निळ्याचे वडील त्याच्या गळ्यात टॉवेल घालत होते आणि पहिल्यांदाच, असं मला उगाच वाटलं, काही बोलत नव्हते.

लोक विचारतात, लाइपझिगला बघण्यासारखं काय आहे? मी चर्च सांगते, स्टेशन सांगते. माझ्याजवळ राहिलं ते एवढंच, की माझ्या घरात सत्तर वर्षांचा एक हट्टी, शिष्ट, लोणच्यावरून रुसणारा माणूस आहे आणि त्याच्याइतकं धाडस मी अजून कुणापुढेही केलेलं नाही. राजवाडा अजून बघायचा आहे.

मंदार झोपायला गेला तेव्हा मी टेबलावरचा कागद उचलला. नानांची बेरीज स्पष्ट अक्षरात होती, खाली सही. निळा एका गुणाने हरला होता.

मी म्हटलं, "नाना, अकरावी फेरी तर बरोबरीची होती. ती त्याला द्यायची होती. आपल्या घरातला कागद, कोण बघणार होतं?"

"दिली असती," नाना चष्मा पुसत म्हणाले, "तर मला पुन्हा लाइपझिगला जावं लागलं असतं."