वाकड्या बोटाची वाघीण

पिंप्राळ्याच्या मित्रांनो, हे पत्र मंडळाच्या फळ्यावर लावा, बठ्ठ्यांनी वाचा, एकानंही सोडू नका.

इथं वाघांच्या जंगलात मी रोजंदारीवर आहे. सध्या सरकारची वाघमोजणी चालू आहे. पंजाच्या ठशावर काच ठेवायची अन् वरून ठसा गिरवायचा, असं काम.

एका वाघिणीचं बोट वाकडं आहे. दोन महिने झाले, तिचा ठसा मला कुठं दिसला नाही. आज सकाळी पाणवठ्यावरही नव्हता. तरी दुपारी चौकीत गार्ड नानांनी मागच्या मोजणीतला तिच्या ठशाचा कागद काढला, त्यावर काच ठेवली अन् तोच ठसा नवा म्हणून उतरवला.

मी म्हटलं, "नाना, तिला कोणी मारली असंल तर?"

नाना आपल्याकडचेच, धुळ्याच्या देवपूरचे. हसून म्हणाले, "भाऊ, कागदवर बठ्ठा वाघ जित्ता शेतस. तू सही कर."

साक्षीदार म्हणून माझी सही लागते. कागदावर ती जिवंत असली, की तिला शोधायला कोणी जाणार नाही. नाना नुसते आळशी आहेत, की त्यांना काही माहीत आहे? हसले ते मला पटलं नाही.

सही अजून केलेली नाही. नाही केली तर काम जाईल. कागद उद्या साहेबाकडे जाणार, तुमचं उत्तर काही तोवर येणार नाही. तरी विचारतो, तुम्ही केली असती का?