खालची बाळंतीण

जर्मनीत, गार्चिंगला माझी मुलगी झाली, त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीच्या कुत्रीलाही पाच पिल्लं झाली. माझं बाळंतपण करायला पुण्याहून आलेल्या आईला याचा कोण आनंद! घरमालकीण सकाळी बाजारात गेली, की आई तेलाची वाटी घेऊन जिन्याखालच्या टोपलीशी जाऊन बसायची. तिचंही कुणीतरी करायला हवं, म्हणायची. एरवी पोस्टमनच्या अंगावर धावणारी ती लांब केसांची बुटकी कुत्री आईपुढे निमूट आडवी व्हायची. मी स्वतः मालिशच्या वेळी एवढी शहाण्यासारखी वागत नव्हते.

पाचव्या दिवशी आई वर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. कुत्रीच्या पोटावर आणि मांड्यांच्या आत काळेनिळे डाग उठले होते. अंगावरून रक्तही अजून जात होतं. रक्ताचं मला काही वाटलं नाही, माझंही जात होतंच. डागांनी मात्र मी घाबरले. आईचा हात किती जड आहे ते माझ्या पाठीला ठाऊक होतं. त्यात बाळ होणार हे ठाऊक असूनही आम्हाला ठेवून घेणारी ही एकटीच बाई भेटली होती. तिने क्युंडिगुंग दिली, म्हणजे घर खाली करा म्हटलं, तर जायचं कुठे? मी आईला बजावलं, आता तेलही बंद आणि तोंडही बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्री दुधाकडे बघेना. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"बाळंतीण आहे ती," आई मला म्हणाली. "तुझं घर गेलं तर दुसरं बघू."

आणि तिने सरळ घरमालकिणीचं दार वाजवलं. तेलाची वाटी, स्वतःचे हात, कुत्रीचं पोट, सगळं दाखवून तिने खुणांनीच गुन्हा कबूल केला. घरमालकिणीने कुत्रीला उचललं आणि गाडी काढली.

गुन्हा तेलाचा नव्हताच. वारेचा तुकडा आत राहून गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला होता आणि त्यापायी रक्त गोठायचंच थांबलं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्या कुत्र्याच्या रक्तातला द्रव चढवला, गर्भाशय काढलं आणि ती वाचली. तोवर पिल्लांना बाटलीने दूध पाजता पाजता आमची पुरेवाट झाली.

कुत्री घरी आली त्या दिवशी घरमालकीण केक घेऊन वर आली. आईचे हात हातात घेऊन रडली. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडा उशीर झाला असता तर आशा नव्हती. मग तिने मला विचारलं, आईला ते डाग पहिल्यांदा कधी दिसले?

"तुमचं दार वाजवलं त्याच सकाळी," मी म्हणाले.

आईने एवढ्या दिवसांत एकच जर्मन शब्द उचलला होता, अगदी बरोबर अशा अर्थाचा. आमचं काय बोलणं चाललंय हे न कळताच ती हसून म्हणाली, "गेनाऊ."

मी घाईघाईने केक कापायला घेतला.