कोळंबीचे डोहाळजेवण

सुरवंट गॅलरीत येतात म्हणून फाटकाबाहेरील बदामाच्या झाडावर मी विषारी औषध फवारून घेतले आणि ही गोष्ट सर्वांपासून लपवली.

त्या झाडाची गळलेली पाने वेचायला मुलुंडच्या आमच्या गल्लीत एक बाई रोज सकाळी येत. माहेर खारदांड्याचे, कोळ्यांचे. प्रत्येक पान त्या उन्हासमोर धरीत, हुंगीत आणि पसंत पडले तरच पिशवीत ठेवीत. घरी काचेच्या टाकीत त्यांनी गोड्या पाण्यातली इवलीशी लाल कोळंबी पाळली होती. वाळलेले पान पाण्यात मऊ पडले की ती त्यावर ताव मारते.

"आमच्या सात पिढ्यांनी कोळंबी खाल्ली," त्या एकदा हसत म्हणाल्या. "तिला जेवायला घालणारी मी पहिलीच. आई म्हणते, वेडी झालीस काय गं?"

फवारणीच्या आठवड्यात त्या माहेरी होत्या. काल परतल्या, त्या फुललेल्या चेहऱ्यानेच. "अहो, एकीच्या पोटाला अंडी लागलीत. आज नवं पान टाकते, डोहाळजेवण करते तिचं."

आता गप्प राहणे शक्य नव्हते. "ही पानं नकोत," मी म्हणालो, "झाडावर विष मारलंय."

त्यांनी पिशवी तिथेच रिकामी केली. "मग दुसरं झाड दाखवा ना. ती काय उपाशी राहणार?"

कोपऱ्यावरच्या बदामाखाली आम्ही दोघे वाकून पाने वेचू लागलो. एक चांगले पान त्यांच्या हाती देत मी स्पष्ट म्हणालो, "ते औषध मीच मारून घेतलं. माझं चुकलं. मला माफ करा."