मुक्या बाजारात आबांचा सौदा

"बाई, चांगला बोलता नातू मुका करून टाकला तुमी!"

नामदेव आबा अंगणवाडीच्या दारात उभे होते. मागं चार पालक. आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या सुपरवायझर मॅडम व्हिजिटला आलेल्या. राणीसावरगावाजवळचं आमचं गाव लहान, पण आबांचा आवाज लय मोठा. शेळ्यांचे व्यापारी ते.

तक्रार खोटी नव्हती. त्यांचा नातू यश आठ दिवसांपासून घरी तोंडानं भाकर मागत नव्हता. तळहातावर तळहात थापला की भाकर, अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. कारण आमचा खेळ.

झालं असं, की आमच्याकडं आरुषी नावाची पाच वर्षांची पोरगी येते. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. खेळ सुरू झाला की ती भिंतीला टेकून बसायची. ट्रेनिंगमध्ये 'समावेशक शिक्षण' असा जड शब्द सांगतात. मला कळलं ते एवढंच, की एखादं पोर खेळात बसत नसलं तर खेळ बदलावा. म्हणून मी 'मुका बाजार' काढला. मातीच्या शेळ्या पोरांनी करायच्या, चिंचोके देऊन विकत घ्यायच्या. चिंचोके देता-घेता हिशोब आपोआप येतो. तोंड उघडलं की आऊट, कोपऱ्यात बसायचं. दुकानदार आरुषी. पोरांना एवढा आवडला, की बाजार घरोघरी गेला.

पालकांचं म्हणणं एकच. त्या पोरीला काढा, न्हाईतर आमची पोरं तालुक्याच्या इंग्लिश शाळेत टाकतो.

मॅडमनं मला बाजूला घेतलं. "ताई, पट कमी झाला तर मलाच विचारतात हो." पट म्हणजे हजेरीतली पोरांची संख्या. "तिला काही दिवस घरीच राहू द्या ना. आहार घरपोच देऊ."

घरी कोण होतं? आई-बाप रोजानं जातात. पोरगी दिवसभर एकटी आजारी आजीच्या खाटेजवळ बसली असती. मी म्हणलं, "मॅडम, दहा मिनिटं द्या."

मग आबांकडं वळले. "आबा, बाजारात शेळीचा भाव कसा ठरवता?"

"कसा म्हंजे? दस्तीखाली."

दस्ती म्हणजे रुमाल. दोघं व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. जितकी बोटं, तितका भाव. शेजारच्याला कळू नये म्हणून कुणी शब्द काढत नाही.

"म्हंजे मुक्यानंच की!"

मागं एक बाई फिसकन हसली. आबा चिडले. "त्ये धंद्याचं हाय, बाई."

"मग आमची एक शेळी घेऊन दाखवा. बोललात तर आऊट."

माघार घेणं आबांच्या रक्तात नाही. मांडी घालून बसले, आरुषीच्या हातावर दस्ती टाकली. खाली काय चाललं ते आम्हाला दिसेना, पण आबांच्या तोंडावरून कळत होतं. पोरगी सारखी मान हलवून नको म्हणायलीय. भाव काही उतरेना. आबांनी उठायचं सोंग केलं. तशी तिनं मातीची शेळी उचलली, आपल्या पोटासमोर हातानं मोठा गोल काढला आणि दोन बोटं दाखवली. शेळी गाभण हाय, पोटात दोन पिल्लं हायत!

आबांना राहवलंच नाही. "आगं, मातीची शेळी गाभण कशी आसंल?"

आऊट!

पोरांनी नियम पाळून नुसती बोटं आबांकडं दाखवली. यश उठला, आजोबांचं बोट धरलं आणि त्यांना कोपऱ्यात नेऊन बसवलं. हसून हसून पालकांच्या डोळ्यांत पाणी. शेवटी आबाही हसले. "पोरगी पक्की व्यापारी हाय. ऱ्हाऊ द्या तिला." मग बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मॅडमनं व्हिजिट बुकात लिहिलं, 'पालकांचा सहभाग उत्तम.'

आरुषीचं नाव पटावर राहिलं. यश घरी बोलायला लागला, आणि आता त्याची आई म्हणते, तो गप्प होता तेच बरं होतं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला उत्तरं देत बसू नये, खाली बसवून खेळात घ्यावं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक पाट तेवढा जवळ ठेवावा.