थंड नळीची पहिली गोळी

हार्लन ब्रेक्केच्या दुकानाला पाटी नव्हती. ज्याला ठाऊक आहे तो येतो, ज्याला ठाऊक नाही त्याने यायचं कारणच काय, असं त्याचं म्हणणं. मोंटानातल्या आमच्या विलो क्रॉसिंग गावात डोंगरावर न्यायच्या हलक्या बंदुका बांधणारा तो एकटाच, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून देणाराही तो एकटाच. एकदा दोनशे मैलांवरून एक डॉक्टर आला. त्याला दस्त्यावर आपल्या नावाची अक्षरं सोन्यात मढवून हवी होती. हार्लनने त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "सोनं जड असतं डॉक्टर. दवाखान्यात लावा." डॉक्टर दोनशे मैल परत गेला. हार्लन पुन्हा कानस घासायला लागला. त्या दिवशी तो फार खुशीत होता, असं त्याची बहीण इंगा सांगायची.

या इंगाचा नवरा वेन्डल टॅगर्ट. गुरांचा मोठा वाडा, तोंड त्याहून मोठं. मेव्हण्या-मेव्हण्यांचं सतरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण एक एल्क. बैलाएवढं सांबर म्हणा. हार्लनची गोळी आधी लागली होती, जनावर दरीत उतरलं, आणि खाली बसलेल्या वेन्डलने ते पाडून त्याच्या शिंगाला आपल्या परवान्याची चिठ्ठी बांधली. आमच्याकडे ज्याचं पहिलं रक्त त्याचं जनावर, हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरज कधी पडली नव्हती. तेव्हापासून नाताळला इंगा दोनदा स्वयंपाक करायची, एकदा नवऱ्यासाठी, एकदा भावासाठी.

तर जूनमध्ये एका सकाळी वेन्डल टॅगर्ट हार्लनच्या दुकानात शिरला आणि त्याने एक पत्र टेबलावर ठेवलं. डोंगरी मेंढ्याचा परवाना. वळलेल्या शिंगांचा तो मेंढा मारायचा परवाना आमच्याकडे सोडतीत निघतो. हजारो माणसं नावं घालतात, चारदोघांची निघतात. वेन्डलने तिसाव्या वर्षी पहिल्यांदा नाव घातलं, आता तो सहासष्टचा होता. छत्तीस वर्षं दर वसंतात नाव घालायचं आणि दर उन्हाळ्यात तोंड पाडून बसायचं. पुन्हा नाव निघायला आणखी छत्तीस वर्षं लागली तर वेन्डल एकशेदोनचा होईल, एवढा हिशेब त्यालाही कळत होता.

हार्लनने पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"मग?"

"बंदूक पाहिजे. हलकी."

"तुझी आहे की."

"ती दहा पौंडांची. उजवा गुडघा कापून शिवलाय माझा. मेंढे बसतात त्या कड्याला आठ तासांची चढण आहे."

"बंदुकीचं वजन कमी करण्याआधी माणसं पोटाचं करतात."

"दोन गावांत विचारून आलो," वेन्डल म्हणाला, "दोघंही म्हणाले दोन वर्षं थांबा. नाहीतर तुझ्या दारात पाय ठेवला नसता."

हे मात्र हार्लनला पटलं. खोटं गोड बोलला असता तर त्याने पत्रासकट बाहेर काढला असता. तो म्हणाला, "बांधतो. पण एक तुकडासुद्धा तू निवडायचा नाहीस."

वेन्डलच्या काखेत बंदुकीच्या सुट्या भागांच्या छापील याद्यांचा गठ्ठा होता. सगळा हिवाळा तो तेच वाचत बसलेला, नाव निघायच्या आधीपासून. त्याने गठ्ठा उघडला आणि तिथून पुढे जी जुंपली ती आठवडाभर पुरली.

वेन्डलला काडतूस हवं होतं सगळ्यांत मोठं. हार्लन म्हणाला, "सहा पौंडांची बंदूक आणि तोफेचं काडतूस? मेंढा वाचेल, तू मरशील. पहिल्या लाथेनंतर दुसऱ्या वेळी चाप ओढताना डोळे मिटशील. सगळे मिटतात. आखूड काडतूस घे. काडतूस आखूड तर ते भरायचं यंत्र आखूड, यंत्र आखूड तर तिथेच पाव पौंड गेला."

वेन्डलला नळी हवी होती काळ्या कार्बनच्या दोऱ्यांनी गुंडाळलेली. हार्लनने दोन नळ्या काढून त्याच्या दोन हातांत दिल्या. "कुठली जड?"

"ही काळी."

"जाड पोलादी नळीपेक्षा ती हलकी, बारीक पोलादी नळीपेक्षा जड. छापणारा तुला अर्धीच गोष्ट सांगतो, कारण पुढचं पान विकायचं असतं."

काडतूस आत ढकलणारा बोल्ट टायटॅनियमचा हवा, तर हार्लन म्हणाला तो धातू आपल्याच जोडीदाराला घासून चिकटतो, त्यात थंडी आणि वाळू. पोलादच राहील, नुसतं पोखरून काढीन. दुर्बीण वीसपट मोठं दाखवणारी हवी, तर म्हणाला, "मेंढ्याच्या पापण्या मोजायच्यात का? सहापट पुरे. लहान, फिरत्या भिंगाविना, कमी वजनाची. जे फिरत नाही ते बिघडत नाही."

दस्त्याच्या वेळी मात्र गंमत झाली. हार्लनचा जीव अक्रोडाच्या लाकडात. दुकानाच्या मागच्या भिंतीला त्याने तीस वर्षं वाळवलेल्या फळ्या लावलेल्या. त्यांचे रेषारेषांचे पोत तो पाहुण्यांना ओल्या फडक्याने पुसून दाखवायचा. वेन्डलने त्या फळ्यांकडे बोट केलं आणि जरा नरमाईने म्हणाला, "दस्ता तरी यातला दे. इंगाला आवडेल."

"नाही."

"का? मला द्यायचा नाही म्हणून?"

"तुला तर द्यायचा नाहीच. पण कोणालाच दिला नसता. लाकूड पाऊस पितं, फुगतं, आणि बारीक नळीला बाजूने ढकलतं. जाड नळी ऐकत नाही, बारीक ऐकते. तुला राळेत घट्ट केलेल्या धाग्यांचा दस्ता मिळेल. दिसायला फळकुटासारखा."

वेन्डलला वाटलं, हा सूड. तो तोंड वाकडं करून गेला.

हार्लनने बाकी सगळी कामं बाजूला सारली. प्रेमाने नाही; हे कार्टं दुकानातून लवकर जावं म्हणून. दस्त्याचं पोट मागून पोखरलं, पुढून हात लावला नाही, कारण तोंडाशी अगदीच वजन नसलं तर धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक सुतळीला बांधलेल्या काटकीसारखी डोलते. चापाचा ताण त्याने तीन पौंड ठेवला. बधिर बोटांना त्याहून हलका चाप कळतच नाही. ऑगस्टमध्ये काट्यावर ठेवली तेव्हा दुर्बीण, पट्टा आणि भरलेली काडतुसं धरून साडेसहा पौंड भरली. पट्टा-काडतुसं काढून वजन सांगणाऱ्याला हार्लन खोटारडा म्हणायचा; खांद्यावर येतं तेच खरं वजन.

बंदूक झाली तरी हार्लन ती लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. त्याची एक रीत होती. दहा दिवस, रोज सकाळी एकच गोळी, आणि दहाही दिवस कागद तोच. नळी रात्रभर गार झालेली. एक गोळी मारायची, कागद गुंडाळायचा, घरी जायचं. दहा गोळ्यांना दहा दिवस. मारणाऱ्याने स्वतः यायचं, हा नियम.

सतरा वर्षं न बोललेली दोन म्हातारी माणसं दहा सकाळी नदीकाठच्या रानात भेटली. बोलणं कसलं. "थंडी आहे." "सप्टेंबर आहे." एवढंच. दहाव्या दिवशी कागदावर मधोमध दहा भोकं होती, बाटलीच्या झाकणाखाली झाकतील अशी. हार्लनने दुर्बिणीची, नेम सरकवायची चक्रं कुठे थांबलीत ते पाहिलं आणि बंदूक वेन्डलच्या हातात दिली. म्हणाला, "आता हिला हात लावू नकोस."

असं सांगितल्यावर वेन्डल टॅगर्ट काय करणार?

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो दुकानात आला तो छाती पुढे काढून. हातात नवा कागद, खांद्यावर बंदूक.

"दहा दिवस घालवलेस माझे," तो म्हणाला. "बंदूक तू चुकीची लावली होतीस. मी नीट केली."

हार्लनने कानस खाली ठेवली.

"काल एका बैठकीत बारा गोळ्या मारल्या," वेन्डल सांगू लागला. "पहिली मधोमध. ती नशिबाने. पुढच्या सगळ्या सरकत सरकत वर उजवीकडे. मग चक्रं फिरवली, खाली आणि डावीकडे, आणखी पाच मारल्या. बघ, पाचही मधोमध. आता मला सांग, एकीचं खरं की अकरांचं?"

हार्लनने कागद बघितला. बारीक नळी तापली की वाकते, गोळ्या चढू लागतात, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेन्डलने तापलेल्या नळीचं ऐकून चक्रं फिरवली होती. वर कड्यावर, गार नळीची पहिली गोळी आता खाली डावीकडे जाणार. शंभर यार्डांवर तीन बोटं. तीनशेवर वीतभर. म्हणजे मेंढ्याच्या काळजाऐवजी पुढच्या पायात, नाहीतर नुसती हवेत.

खरं सांगायचं तर एक क्षण हार्लनच्या मनात आलं, जाऊ दे. छत्तीस वर्षांनी मिळालेला मेंढा वीतभराने जाऊ दे. सतरा वर्षांची फेड होईल. पण मग मोडक्या पायाचा मेंढा त्याच्या डोळ्यांपुढे आला, कड्यावरून लंगडत जाणारा, आणि त्याला तसा करणारी बंदूक हार्लन ब्रेक्केची.

"मेंढा अकरा गोळ्या खायला थांबतो का रे?" तो म्हणाला. "पहिलीच खरी. बाकीच्या अकरा खोट्या. चक्रं फिरव परत, जिथून आणलीस तिथे."

"म्हणजे चुकायला?"

"चुकशील आता. खाली डावीकडे तीन बोटं. आण इकडे."

त्याने हात पुढे केला. वेन्डल एक पाऊल मागे सरला आणि बंदूक छातीशी धरली.

"मला मूर्ख समजतोस? सतरा वर्षं वाट बघितलीस तू या दिवसाची. माझ्या डोळ्यांदेखत पाच गोळ्या एका ठिकाणी पडल्यात, आणि तू म्हणतोस बिघडव."

"हो. बिघडव म्हणतो."

"एल्क विसरला नाहीस तू."

"एल्क मी मरेपर्यंत विसरणार नाही," हार्लन म्हणाला. "त्याचा या नळीशी संबंध नाही. उद्या उजाडताच, नळी गार असताना, एक गोळी मार. एकच. मग काय करायचं ते कर, आणि त्या गुडघ्यासकट कुठेही जा."

वेन्डल दार आपटून गेला. हार्लनने त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही. इंगाला फोन करावा असं त्याच्या मनात आलं, पण फोन वेन्डलने उचलला असता.

मग दहा दिवस गेले. गावात त्या दहा दिवसांत हार्लनच्या वाटेला कोणी गेलं नाही. कॅफेतल्या बाईने पाय गरम करून आणू का विचारलं, सफरचंदाचा पाय हो, खायचा, तर तिच्यावरही खेकसला. एका गिऱ्हाइकाची बंदूक त्याने दोनदा खोलली आणि दोनदा तशीच बंद केली.

अकराव्या दिवशी वेन्डलचा ट्रक दुकानासमोर थांबला. वेन्डल लंगडत आत आला, दाढी वाढलेली, नाकाची साल निघालेली. त्याने टेबलावर एक पुठ्ठा टाकला. बिस्किटांच्या खोक्याचं झाकण होतं. मधोमध कोळशाची फुली, आणि फुलीच्या खाली डावीकडे एक भोक. एकच.

हार्लनने त्यावर बोटं ठेवली. तीन बसली.

"कुठे मारलीस?"

"खालच्या तळावर. चढायच्या सकाळी." वेन्डल खुर्चीत बसला; बस म्हणायची वाट त्याने बघितली नाही. "तुला खोटा पाडायला मारली. भोक मधोमध पडणार होतं. मग ते झाकण आणून कॅफेत सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावर मारणार होतो. सामानाच्या घोड्यावर जागा नव्हती तरी कोळसा आणि पुठ्ठा वेगळा बांधून घेतला होता."

"मग मार की तोंडावर."

"आता कशाला मारू." तो गुडघा चोळत राहिला. "चक्रं परत फिरवली. शिव्या देत फिरवली, तुला."

"मेंढा?"

"दोनशे ऐंशी यार्ड. कड्याच्या खाचेत उभा होता, अर्धा आडवा."

"किती गोळ्या?"

वेन्डलला हे सांगायचं नव्हतं. त्याने भिंतीवरच्या अक्रोडाच्या फळ्या बघितल्या, छत बघितलं, आपले बूट बघितले.

"एक."

हार्लनने मान हलवली. एवढंच त्याला ऐकायचं होतं. दहा दिवस तो एवढ्यासाठीच झुरला होता. पण चेहरा असा ठेवला की जणू कोणी हवापाण्याची बातमी सांगितली.

"चाप कडक आहे," वेन्डल उठत म्हणाला.

"बोटं नाजूक असतील."

"आणि तो दस्ता. फोटोत फळकुटासारखा दिसतो."

"मी आधीच सांगितलं होतं. दार आपटू नकोस, बिजागरी माझी आहे."

वेन्डलने दार आपटलं. आभार त्याने मानले नाहीत, आणि मानले असते तर हार्लनला पुढचा आठवडाभर जेवण गेलं नसतं. ट्रकच्या मागे ताडपत्रीवर मेंढ्याचं डोकं होतं, शिकारखात्याने शिंगात ठोकलेली नंबराची खूण उन्हात चकाकत होती. बाहेर येऊन बघ, असं वेन्डल म्हणाला नाही. हार्लन गेला नाही.

पण ट्रक सुरू झाला तसा तो खिडकीशी गेला आणि काचेला नाक टेकेल इतक्या जवळून शिंगांवरची, वर्षाला एक पडणारी वळी मोजू लागला. सात, आठ, नऊ. दहावं नीट दिसेना. नेमका तेवढ्यात, वळणाच्या अलीकडे, वेन्डलने ट्रक हळू घेतला.

वेन्डलला विचाराल तर तो सांगेल की तिथे खड्डा आहे.